यादीतले मानकरी

आमच्या शिवऱ्याच्या घरात लग्न निघालं, की पहिला तंटा कोठीघरावरून होतो. गेल्या वैशाखात पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा तात्या मला म्हणाले, "तू कम्प्युटरवाला ना? मग कोठीत कोणी जायचं, कोणी काय न्यायचं, याची यादी तूच कर."

मला हसू आलं. जन्मभर 'सी' भाषेत मी हाच उद्योग केला. कम्प्युटरातल्या फाइलीलाही अशी हक्कांची यादी जोडता येते : कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं. नावं सुचतील तशी भरावीत आणि मग क्रम लावावा. 'सी'मधलं क्यूसॉर्ट क्रम लावतं खरं, पण त्या बिचाऱ्याला मानपान कळत नाही. दोघांत आधी कोण, हे सांगणारं फंक्शन आपणच लिहून द्यायचं. पहिला आधी असेल तर उणे आकडा, नंतर असेल तर अधिक, दोघे सारखेच असतील तर शून्य. सोलारिस प्रणालीत तर एसीएलसॉर्ट म्हणून तयार फंक्शनच आहे. एकच माणूस यादीत दोनदा आला, तर ते सरळ अपयश कळवतं. माझ्या यादीत बापूकाका दोनदा आले होते : एकदा काका म्हणून, एकदा सोसायटीचे चेअरमन म्हणून. कम्प्युटर माणसाला नंबराने ओळखतो, आम्ही हुद्द्याने!

क्रम मात्र मी शास्त्रोक्त लावला. आधी मालक, म्हणजे तात्या. मग नावानिशी लिहिलेली माणसं. मग मालकाचा गट, म्हणजे भावकी. त्यांना सगळी मुभा. मग आचारी, मांडववाले वगैरे इतर गट. त्यानंतर 'मास्क' : मधल्या मंडळींना वर काहीही दिलेलं असो, याच्यापलीकडे जायचं नाही. आमच्याकडे मास्क म्हणजे तात्यांचं एक वाक्य, "तुपाच्या डब्याला हात लावायचा नाही." शेवटी 'बाकीचे', म्हणजे गाव.

तात्यांनी यादी वाचली, चष्मा सारखा केला आणि नावानिशी लिहिलेल्यांत स्वतःच्या हाताने माझं नाव घातलं. पुढे लिहिलं, 'आपले पुण्याचे. यांस सर्व दाखवावे.' मला अगदी भरून आलं.

दुपारी लाडवासाठी कोठीत शिरलो, तर दारात वहिनी.

"बघा भावजी, हवं तेवढं बघा. न्यायचं मात्र नाही."

"अहो, मी भावकीतलाच की!"

"असाल. पण तुमचं नाव वेगळं लिहिलंय ना? मग खाली भावकीपर्यंत वाचायचं कशाला?"

काय बोलणार! कम्प्युटर नेमकं हेच करतो. नावानिशी नोंद सापडली की तिथेच थांबतो. गटाला कितीही मुभा असो, तिकडे ढुंकूनही पाहत नाही. ही तपासणी मी शंभरदा लिहिली असेल. त्या नावाच्या माणसाला काय वाटत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने वहिनींनी दोन लाडू ओसरीवर आणून दिले. बशीत, वर चमचा. शिवऱ्यात लाडवाबरोबर चमचा फक्त पाहुण्यांना देतात.