उतारशाळेचे दार

नाताळचा गोठा रचण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी ओट्यावर बसून मी पेंढा पसरत होतो, तेव्हा अंगणात एक तरुण येऊन उभा राहिला. मूळचा ओडिशाचा. जवळच्या इमारतीच्या बांधकामावर वायरिंगचे काम करणारा. आमच्या घरामागची खोली रिकामी आहे, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. "काका, खोली मिळेल का?" त्याने तुटक्या मराठीत विचारले. "आम्ही एकट्या माणसाला खोली देत नाही," मी उत्तरलो. "ठीक आहे, काका," एवढेच म्हणून तो निघून गेला. मी पुन्हा कामाला लागलो. पण मुठीतल्या पेंढ्याचा वास नाकात शिरला आणि मला माझे आजोबा आठवले.

आजोबा तरुणपणी वसईहून मुंबईला गवत घेऊन जात. विसाव्या शतकाच्या आरंभीची ती गोष्ट. मुंबई तेव्हा घोड्यांच्या पायांवर चालत होती. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ साली ती बंद पडली, तेव्हा ट्राम कंपनीकडे १३६० घोडे होते. व्हिक्टोरिया, शिग्राम आणि साहेबांच्या खाजगी गाड्या यांचे घोडे निराळेच. एवढ्या जनावरांचा चारा शहरात उगवत नव्हता. तो ठाणे जिल्ह्यातून मचव्यांनी आणि रेल्वेने जाई. भायखळ्याच्या एका तबेल्यात गवत उतरवून होईस्तोवर रात्र पडे. मग आजोबा तिथेच, मोतद्दारांच्या शेजारी, गवतावर अंग टाकीत.

लहानपणी मी त्यांना विचारले होते, "आजोबा, एवढ्या मोठ्या मुंबईत तुम्हाला दुसरी जागा नव्हती का?" ते हसले आणि म्हणाले, "जागा पुष्कळ होत्या, बाळा. पण प्रत्येक जागा कुणाची तरी होती."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. मुंबईचा किल्ला १८६०च्या दशकात पाडण्यात आला. १८५३ साली आगगाडी आली होती, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि जगभरचे प्रवासी या बंदरात उतरू लागले. त्यांच्यासाठी एस्प्लनेडवर वॉटसन्स हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने इथे आणला आणि जोडला. १८७१ साली ते सुरू झाले. १८९६ साली मार्क ट्वेन तिथे उतरला आणि त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे तिथेच प्रथम दाखवण्यात आली. मात्र हे हॉटेल होते गोऱ्यांचे. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले, अशी कथा सर्वत्र सांगतात. काही इतिहासकारांना ती मान्य नाही. पण ती लोकांना सहज खरी वाटली, यातच त्या काळाबद्दल बरेच काही आले.

साहेबांची दारे बंद होती, म्हणून आपल्या लोकांनी आपापली दारे बांधली. जातीजमातींच्या धर्मशाळा झाल्या, मुसाफिरखाने झाले. आपल्या गोवेकर ख्रिस्ती बांधवांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत 'कूड' थाटले. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी, हॉटेलातला आचारी, वाढपी, बँडमधला वादक, कुणीही असो, थोडक्या पैशांत त्याला ट्रंक ठेवायला आणि अंथरूण टाकायला जागा मिळे. भिंतीशी गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना करायची, असा शिरस्ता असे. दिवसभर मोठ्या हॉटेलात परक्यांच्या बशा मांडणारा माणूस रात्री अशा कुडात आपल्या गावात परतत असे. ख्रिस्ती शेजारधर्माचे इतके देखणे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आणि तरीही आजोबांना तिथे जागा नव्हती. ते ख्रिस्ती होते, जपमाळ त्यांच्याही खिशात होती. पण ते त्या गावचे नव्हते. याबद्दल कुडांना दोष देता येणार नाही. गरिबाने गरिबासाठी केलेली ती सोय होती आणि तिला मर्यादा असणारच. परंतु प्रत्येकाने आपल्या माणसासाठी दार बांधले की, जो कुणाचाच नाही त्याच्यासाठी दार उरत नाही, हेही तितकेच खरे.

त्यातल्या त्यात इराण्याच्या हॉटेलाचे दार मोकळे असे. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या या झरतुष्ट्री मंडळींनी नाक्यानाक्यावर दुकाने मांडली. धोबी तलावचे कयानी १९०४ सालचे. संगमरवरी टेबलावर गिरणीकामगार, कारकून आणि हमाल शेजारी शेजारी चहा पीत. आजोबा म्हणत, "ब्रून बुडवून खाताना शेजारचा कोण, हे मी कधी विचारले नाही. त्यानेही नाही." पण चहा संपला की उठावे लागे. रात्र काढायला तबेलाच होता.

लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग आपण दर नाताळच्या मिस्सेत ऐकतो. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेने आपल्या बाळाला गव्हाणीत निजवले. उतारशाळेच्या मालकाला आपण मनातल्या मनात निष्ठुर ठरवून मोकळे होतो. त्या मालकाचा शुभवर्तमानात उल्लेखही नाही. तो आपणच तयार केला आहे, कदाचित आपल्यासारखाच. त्यानेही काहीतरी नियम सांगितला असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी बांधकामावर गेलो. वायरिंगचे काम आटोपून ती टोळी पहाटेच दुसरीकडे गेल्याचे पहारेकऱ्याने सांगितले. मी त्या मुलाचे नावही विचारले नव्हते, त्यामुळे शोध घेणार तरी कसा?

आता वॉटसन्सची ती लोखंडी इमारत जर्जर झाली आहे. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. मुंबईच्या व्हिक्टोरियांची सफर २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. कूड थोडे उरले आहेत. पण रोज सकाळी वसई रोड स्थानकावर खांद्याला पिशवी अडकवून उतरणारा मुलगा अजून आहे आणि रिकाम्या खोल्यांचे मालक आता आपण आहोत.

फेब्रुवारीत बिहारचा एक सुतार खोली विचारीत आला. एकटाच होता. या वेळी मी आधी त्याचे नाव विचारले आणि मग किल्ली आणायला आत गेलो. खोली लहान आहे, थंडीत गारठा लागतो, असे मी त्याला सांगू लागलो आणि आजोबांचे आणखी एक वाक्य आठवून थांबलो. ते म्हणत, "तबेल्यात कधी थंडी वाजली नाही. शेजारी कुणीतरी श्वास घेत असे ना!"