वेग होता, नाव राहिले नाही : वऱ्हाडची दमणी आणि गवळाऊ बैल

#थ्रेड #इतिहास #वऱ्हाड

१/
अकोल्याच्या जुन्या शहरातील एका वाड्याच्या मागच्या पडवीत एक दमणी उभी आहे. दोन उंच चाके, वर कमानीदार छताचा सांगाडा, जुवाला अडकवलेले काळवंडलेले घुंगरू. दोन वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका ढाबेवाल्याने ती विकत मागितली. बैल जुंपण्यासाठी नव्हे, दारात शोभेला. त्याने सांगितलेली किंमत सरपणाच्या भावाहून थोडीच अधिक होती.

२/
घरातला नातू पुण्यात नोकरीला, आणि जुन्या स्पोर्ट्स कारचा विलक्षण शौकीन. पन्नास वर्षांपूर्वीची कोणती मोटार कोणत्या लिलावात काय भावाने गेली, हे त्याला तोंडपाठ. तो सहज म्हणाला, "आबा, देऊन टाका. जागा तरी मोकळी होईल." चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे वऱ्हाडातली सगळ्यात वेगवान गाडी होती बाप्पा. तुले ठाऊक नाही, म्हणून स्वस्त हाये."

३/
त्या एका वाक्यात मूल्याच्या इतिहासाचा मोठा प्रश्न दडलेला आहे. वेग सारखा, कसब सारखे, तरी एका जुन्या वाहनाला सोन्याचा भाव आणि दुसऱ्याला भंगाराचा, असे का होते? आधी नातवाच्या जगातले उदाहरण, मग आजोबांच्या.

४/
जर्मनीची पोर्शे ९११ जगभर पूजली जाते. त्याच कंपनीने फोक्सवॅगनच्या भागीदारीत १९६९ ते १९७६ या काळात ९१४ नावाची मोटार काढली. इंजिन गाडीच्या मध्यभागी, त्यामुळे वजनाचा तोल उत्तम. तिच्या सहा सिलिंडरच्या आवृत्तीने १९७० च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एकूण सहावा आणि आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला.

५/
तरीही अनेक दशके ९१४ कडे 'खरी पोर्शे नव्हे' म्हणूनच पाहिले गेले. दोष यंत्रात नव्हता, कुळात होता. युरोपात तिच्यावर दोन्ही कंपन्यांचे नाव होते, आणि बहुतेक गाड्यांत फोक्सवॅगनचे चार सिलिंडरचे इंजिन होते. लोकांनी शर्यतीचा निकाल पाहिला नाही, आडनाव पाहिले.

६/
इटलीतली 'डिनो' याहून बोलकी. एन्झो फेरारी यांचा मुलगा आल्फ्रेडो, ज्याला घरात डिनो म्हणत, १९५६ साली ऐन तारुण्यात वारला. त्याच्या नावाने निघालेल्या या देखण्या मोटारीवर फेरारीची मुद्रा नव्हती. म्हणून बराच काळ ती 'धाकटी' ठरली. आज तीच डिनो संग्राहकांची लाडकी आहे. मधल्या काळात गाडी बदलली नाही, तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट बदलली.

७/
या दोन उदाहरणांतून आणि जुन्या वाहनांच्या व्यवहारातून मूल्याचे चार खांब दिसतात. पहिला, नाव आणि कुळ. दुसरा, लिखित नोंद: कोण, केव्हा, किती वेगाने जिंकले. तिसरा, ते वाहन चालते ठेवणारे कारागीर. चौथा, त्याची बाजू घेऊन बोलणारा समाज. वेग हा या चारांच्या पोटात येतो. एकटा आला तर विस्मृतीत जातो.

८/
आता वऱ्हाड. रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस बंजाऱ्यांच्या लमाण बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाचे भाव चढवले, आणि १८६७ साली अकोला, बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे नागपुरास पोहोचली.

९/
रेल्वेने बैल निरुपयोगी ठरवले, असा समज आहे. घडले उलटे. स्थानकापर्यंत माल आणि माणसे आणायला गाड्या अधिक लागल्या. वऱ्हाडात त्यांची कामे वाटलेली होती. बंडी ओझ्याची, कापसाचे बोद, ज्वारीची पोती तिच्यावर. दमणी आणि रेंगी माणसांच्या; हलक्या, छोट्या, पळत्या जोडीच्या. बंडी म्हणजे त्या काळचा ट्रक मानला, तर दमणी म्हणजे स्पोर्ट्स कार.

१०/
दमणीचे सारे शास्त्र वजन कमी करण्यात होते. चाकाला चिवट बाभूळ, वर लोखंडी धाव, साटा आखूड, बैठक दोन-चार माणसांपुरती. लेक माहेरी आणायची, वैद्याला तातडीने बोलवायचे, वरातीत मिरवायचे, तर दमणी जुंपली जाई. कोणाची जोडी कोणाच्या पुढे निघाली, याची चर्चा चावडीवर महिनाभर चाले.

११/
पण आजोबांचे म्हणणे असे, की "गाडी लाकडाची नसते, जोडीची असते." म्हणजे इंजिनाचा इतिहास पाहायला हवा. वर्धा नदीच्या पलीकडे आर्वी, अलीकडे अमरावती जिल्ह्यातले धामणगाव. या नदीच्या पूर्वेकडे वर्धा, नागपूरपासून थेट छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत गवळाऊ गुरांचा मुलूख. नाव गवळी समाजावरून आलेले.

१२/
गवळाऊ बैल पांढरा, मानेवर आणि वशिंडावर करडी छटा, चेहरा लांबट, शिंगे आखूड, अंग लांब आणि सडपातळ. आंध्रच्या ओंगोल जातीशी त्याचे साम्य पशुतज्ज्ञांनी नोंदवले आहे. मराठ्यांनी डोंगराळ मुलखात लष्करी वाहतुकीसाठी हे दुडक्या चालीचे, वेगवान जनावर जोपासले, असे पशुसंवर्धनावरील जुन्या इंग्रजी ग्रंथांत येते. वेग हा या जातीचा जन्महेतूच होता.

१३/
वऱ्हाडच्या आपल्या जाती याहून दुर्दैवी. जुन्या गॅझेटियरांत उमरडा आणि खामगाव अशी वऱ्हाडी गुरांची दोन नावे भेटतात. उमरडा लहानखुरा, चपळ. आज राष्ट्रीय पातळीवर नोंदल्या गेलेल्या गोवंशाच्या जातींत गवळाऊ आहे, खिल्लार आहे, पण उमरडा हे नाव स्वतंत्र जात म्हणून नाही. मोटारीवरची मुद्रा काढून घ्यावी तसे हे झाले.

१४/
प्रतिस्पर्धी कोण? अर्थात माणदेशचा खिल्लार. सोलापूर, सांगली, साताऱ्याचा हा बैल देखणा, पाणीदार, वेगवान; त्याच्या कीर्तीत खोटे काहीच नाही. आज 'शर्यतीचा बैल' म्हटले, की महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लांब, मागे वळलेल्या शिंगांचा खिल्लारच उभा राहतो. गवळाऊचे नाव विदर्भाबाहेर किती तरुणांना ठाऊक आहे?

१५/
एक सोपे उत्तर सीमेचे दिले जाते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. गवळाऊचा मुलूख दुभंगला. पण हे उत्तर अपुरे आहे. खिल्लाराचा मुलूखही महाराष्ट्र आणि कर्नाटकात विभागलेलाच आहे, तरी त्याचे नाव बुडाले नाही.

१६/
फरक सीमेचा नाही, केंद्राचा आहे. १९५६ पूर्वी नागपूर राजधानी होती. नंतर राजधानी मुंबई झाली. खिल्लारामागे खरसुंडीची यात्रा, सांगोल्याचा बाजार अशी खरेदी-विक्रीची मोठी ठिकाणे उभी होती, आणि पुणे-मुंबईची वृत्तपत्रे, छायाचित्रकार, चित्रपटवाले तिथून जवळ होते. जिथे बाजार आणि कॅमेरा एकत्र येतात, तिथे कीर्ती तयार होते.

१७/
विदर्भाकडे शर्यत नव्हती असे मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या शंकरपटाची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची सांगितली जाते. हलकी छकडी, वर एकटा धुरकरी, आखलेली धाव, आणि हातात घड्याळ घेतलेले पंच. निकाल सेकंदांत आणि सेकंदाच्या भागांत लागतो. ही शर्यत मुळात अचूक मोजमापाची आहे.

१८/
खंत इथेच आहे. मोजमाप झाले, पण जपले गेले ते फार थोडे. गेल्या शतकात कोणती जोडी किती सेकंदांत धावली, बैल कोणत्या गोठ्यातले, धुरकरी कोण, छकडी कोणत्या सुताराची, हे बहुतांशी म्हाताऱ्यांच्या स्मरणात राहिले. ल मान्सचा १९७० चा निकाल आज कोणीही वाचू शकतो. म्हणून ९१४ ची बाजू मांडता येते. पटाच्या जुन्या विजेत्यांची बाजू कशाच्या आधारे मांडायची?

१९/
दरम्यान गोठाही बदलला. १९७० साली दुग्धक्रांतीची 'ऑपरेशन फ्लड' योजना आली. दुधासाठी जर्सी, होल्स्टिन यांच्याशी संकर वाढला. गवळाऊ गाय दुधात मध्यम, बैल जड मशागतीला हलका. त्यात ट्रॅक्टर आला, गावोगावी एसटी पोहोचली. ज्या गुणासाठी ही जात घडली, त्या वेगाचे गिऱ्हाईकच उरले नाही. रोजच्या कामाला स्पोर्ट्स कार कोण ठेवतो?

२०/
मग आला कायदा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम परवानगीपर्यंत शर्यती थांबलेल्याच होत्या. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बैलाच्या ऐन उमेदीची वर्षे मोजकी. सात वर्षांची बंदी म्हणजे धावणाऱ्या बैलांची एक अख्खी पिढी.

२१/
इथे मोटार आणि बैल यांची तुलना थांबवावी लागते. मोटारीला वेदना नसतात. २०१४ च्या निर्णयामागे चाबूक, खिळे, जबरदस्ती यांविषयीचे खरे आक्षेप होते, आणि वारशाचे नाव घेऊन ते झटकता येत नाहीत. पोळ्याला ज्याची पूजा करायची, त्याला पटावर टोचायचे, हा विसंगतपणा वऱ्हाडातल्या जाणत्या शेतकऱ्यांनाही सलतो. जातीचे मोल वाढावे, पण ते जनावराच्या पाठीवरच्या वळांनी नव्हे.

२२/
बंदी उठली तेव्हा दोन्ही प्रदेशांत आनंद झाला. पण पश्चिमेकडे दावणीत खिल्लार बांधून वाट पाहणारे पुष्कळ होते. विदर्भाच्या पटांवरही आता खिल्लार आणि संकरित बैल धावताना दिसतात. हौशी माणूस नावाजलेलाच बैल घेतो, तोच जिंकतो, त्याचेच चित्रफितींत नाव होते, म्हणून पुढचा माणूसही तोच घेतो. किंमत कीर्तीला जन्म देते आणि कीर्ती किमतीला. या चक्राबाहेर राहिलेला बैल मागे पडतो, तो वेगात कमी पडल्यामुळेच असे नाही.

२३/
चार खांब पुन्हा पाहा. नाव: उमरड्याचे पुसले, गवळाऊचे आक्रसले. नोंद: घड्याळ होते, वही जपली गेली नाही. कारागीर: दमणी बांधणारे सुतार आता बोटांवर मोजण्याइतके. समाज: ज्यांनी बोलायचे त्यांची मुले शहरांत गेली आणि परदेशी मोटारींची कुळे पाठ करू लागली. शेवटच्या वाक्यात त्या नातवावर टीका नाही. ती इतिहास शिकवण्याच्या रीतीवर आहे.

२४/
ढाबेवाल्याला त्या दिवशी नकार मिळाला नाही, आणि होकारही. नातवाने आधी फीत आणली. चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, जुवाची लांबी मोजून वहीत उतरवली. मग आजोबांना विचारले, "जोडीची नावं काय होती?" आजोबांनी दोन बैलांची नावे, त्यांचे गाव, ज्याच्याकडून घेतले त्या गवळ्याचे घराणे, सारे एका दमात सांगितले. साठ वर्षांत हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

२५/
आठ पाने भरली. दमणी अजून पडवीतच आहे. छताला गळती आहे, एका चाकाची धाव निसटली आहे, आणि ती बसवणारा सुतार शोधणे चालू आहे. कदाचित तो सापडणार नाही, आणि दमणी कधीतरी जाईलही. पण ती गेलीच, तर 'जुनी बैलगाडी' म्हणून जाणार नाही.

२६/
दुर्लक्षित वारशाचे मोल वाढवण्याची पहिली पायरी पैशाची नसते, नोंदीची असते. अमरावती, अकोला, वर्ध्यातल्या ज्यांच्या घरी दमणी, रेंगी, छकडी वा तिचे एखादे चाक उरले असेल, त्यांनी या दिवाळीत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून एवढेच विचारावे: जोडी कुठली होती, गाडी कोणी बांधली, आणि ती कुठवर जात असे? उत्तरे तारीख घालून लिहून ठेवावीत. सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.