पोटात लागलेला पालू

माझी रत्नागिरीत बदली झाली १९९४ साली. मी साताऱ्याकडचा, गणिताचा मास्तर. भाट्याच्या पुलावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला कळेना, की ही काजळी नदी सकाळी समुद्राकडे आणि दुपारी डोंगराकडे कशी वाहते. शेजारी एक माणूस थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून गरवत बसला होता. त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात पाढा चुकलेल्या पोराकडे मीही तसंच पाहत असेन.

हा माणूस मिरकरवाडा बंदरातल्या एका पर्ससीन बोटीवर तांडेल होता. घर पुलाअलीकडं राजिवड्यात. पुढं तीस वर्षं आम्ही पुलाखालच्या बांधावर शेजारी बसलो, पण मी त्यांना तांडेल म्हणतो आणि ते मला मास्तर. बायकांनासुद्धा हीच नावं माहीत आहेत.

गरी कशी बांधायची, जिवंत कोळंबीला ती कुठून लावायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. कोळंबीच्या डोक्यात एक काळसर ठिपका दिसतो, तो चुकवून पुढच्या काट्याखालून गरी घातली तर कोळंबी पाण्यात बराच वेळ पोहत राहते, आणि पोहणारी कोळंबी पाहून तांबोशीचा संयम सुटतो. भरतीचं गणितही त्यांचंच. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी वर्षभर घड्याळ लावून पडताळलं. या हिशेबानं भरती रोज पंचेचाळीस मिनिटं पुढं सरकते, प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास सरकते. मोठ्या ऐटीत ही चूक दाखवली तर म्हणाले, "पाच मिनिटं बिडी ओढायची, मास्तर."

स्पर्धा कशी सुरू झाली ते आठवत नाही. चहावरून झाली असणार. संध्याकाळी ज्याचे मासे कमी, त्यानं चहा द्यायचा. दिवाळीला वर्षाची बेरीज करायची आणि हरलेल्यानं जिंकलेल्याला तंगुसाचं नवं रीळ द्यायचं. वही अर्थातच माझ्याकडं. पहिल्या वर्षी मी इतका मागं पडलो, की तांडेलांनीच नियम काढला: "घाटावरच्याला दोन गऱ्या, आम्हाला एक." मला राग आला होता, पण दोन गऱ्या लावल्या.

बाकीचे नियम भांडणातून आले. दुसऱ्याची दोरी जिथं पडली आहे तिथं आपली टाकायची नाही. गुंता झाला तर ज्याची दोरी नंतर पडली त्यानं सोडवायचा. मासा तोंडात गरी लागून आला तरच मोजायचा. पोटात, शेपटीला, कल्ल्याला अडकून आलेला मासा खायला चालेल, वहीत चालणार नाही. तांडेल म्हणत, "तो फसला नाही, तो धडकला."

आणि वितीचा नियम. वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. हा त्यांनी घातला तेव्हा मला नवल वाटलं, कारण आयुष्यभर ज्यानं जाळ्यानं टनावारी मासळी उपसली त्याला एका पालवाच्या पिलाची काय पत्रास! मग एका संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. एकदा शिंगाळ्यांचा मोठा थवा जाळ्यात आला. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत खात नाही. जाळं वर आलं तशी त्या नरांनी तोंडं उघडली. "सगळी बोट गोट्यांनी भरली, मास्तर. पिवळ्या गोट्या. आम्ही त्यावरून घसरत होतो." एवढं बोलून ते दोरी गुंडाळायला लागले. पुढं २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली, तेव्हा मी त्यांना बातमी वाचून दाखवली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं धरायचं नाही. त्यांनी बांधावर वीत पसरली आणि म्हणाले, "यापेक्षा सरकारची वीत लहान दिसते."

श्रावणात आमच्या घरात मासळी चालत नाही, पण वही चालू असते. त्या महिन्यात माझे मासे राजिवड्यात जातात. रमजानात उलट अडचण, रोजे असताना तांडेल चहा घेत नाहीत, म्हणून हरलेले-जिंकलेले चहा साचत जातात आणि ईदला शिरखुर्म्याच्या वाटीवर फिटतात. किती चहाला किती वाट्या, हा दर अजून ठरलेला नाही.

असाच एक श्रावण. खाडीला पावसाचं गढूळ पाणी, उधाणाची भरती. माझी दोरी सुटली, सुरसुरत गेली आणि एकदम सैल पडली. मासा गेला असं समजून मी गुंडाळायला लागलो, तेवढ्यात तांडेलांच्या बोटावरची दोरी ताणली. ते उठून उभे राहिले, एरवी ते बसूनच ओढतात. दहा-बारा मिनिटांनी जिताडा बांधाला लागला. साडेचार किलो भरला नंतर. दोन्ही दोऱ्या त्याच्याभोवती पिळल्या होत्या. ओठात त्यांची गरी. मी तर कबूलच केलं होतं, की त्यांचा मासा. त्यांनी जबडा फाकवला, आत पाहिलं, माझं तंगूस चिमटीत धरून हळूच ओढलं, तर ते घशात जात होतं.

"गिळलाय तुमचा. मी नुसता ओढला. लिहा."

मी लिहिलं. मासा माझा ठरला आणि त्यांच्या घरी शिजला. जिताडा तरुणपणी नर असतो, वाढल्यावर त्याची मादी होते, हे मी नंतर कुठंतरी वाचलं. तांडेलांना सांगितलं तर म्हणाले, "तरीच एवढी ताकद!"

हे सगळं सांगितलं ते पुढचं सांगायला.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आमची बरोबरी होती, अवस जवळ असल्यानं पाण्याला उधाणाचा जोर होता. अंधारता अंधारता माझी काठी वाकली. ओढ विचित्र होती, मासा आडवा येत होता. हातात आल्यावर कळलं, चांगला हातभर पालू, आणि माझी दुसरी गरी त्याच्या पोटात. तांडेल चार पावलांवर आपली दोरी आवरत होते. मी त्यांच्याकडं पाठ केली, गरी काढली, मासा टोपलीत टाकला आणि वहीत एक आकडा वाढवला. त्यांनी चहा दिला. पाडव्याला नवं रीळ आणून दिलं. त्या तंगुसानं मी पुढं वर्षभर मासे धरले, तंगूस चांगलं होतं.

सांगायला मला तेरा वर्षं लागली. गेल्या थंडीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गरीत तंगूस ओवायचं काम माझ्याकडं आलं. ओवता ओवता बोलून टाकलं.

ते खाडीकडंच बघत होते. "पोटात ना? माहीत आहे. मासा सोडवताना तुम्ही एरवी कधी पाठ करता काय?"

"मग बोलला का नाही तेव्हा?"

"मास्तर तुम्ही. म्हटलं, आज ना उद्या वही स्वतःच तपासाल." मग थोडं थांबून, "चहा तेव्हा पाच रुपये होता. आता दहा आहे. दहा घेईन. रीळ पण."

मी म्हटलं, रिळाचं कसं? आकडा खोडला तर बरोबरी होते, मी हरत नाही. बरोबरी झाली तर कुणी कुणाला काय द्यायचं, हे आमच्या कुठल्याच नियमात नाही. ते म्हणाले, आता नियम करू. मी म्हटलं, तेरा वर्षं मागचा नियम आज कसा करणार? आवाज चढले, पुलावरचे दोघेतिघे वाकून बघायला लागले, आणि तेवढ्यात त्यांच्या बोटावरची दोरी ताणली.