लेणीच्या लाकडाची साक्ष

कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिले की सागवानी लाकडाच्या कमानी दिसतात. लेणी कोरली गेली त्या काळच्याच त्या आहेत. पौर्णिमेला आम्ही मावळातील धम्मबांधवांना घेऊन जातो, तेव्हा कुणी ना कुणी विचारतेच, "दोन हजार वर्षे लाकूड टिकते का हो?" प्रश्न रास्त आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हीच तथागतांची कालामांना शिकवण होती.

लाकूड पारखण्याची रीत अमेरिकेतील विलर्ड लिबी यांनी शोधली. त्यासाठी त्यांना १९६० साली नोबेल मिळाले. जिवंत झाड हवेतून कार्बन घेते. त्यात कार्बन-१४ चा किंचित अंश असतो. झाड तुटले की आवक बंद होते आणि ५,७३० वर्षांत तो अंश निम्मा होतो. उरला किती हे मोजले की झाडाचे वय कळते.

पण मोजण्याआधी नमुना साफ करणे महत्त्वाचे. तुकड्याला हात लावायचा नाही, चिमट्याने धरायचे. वरचा थर खरवडायचा, बारीक मुळे नि बुरशी वेचायची. मग सौम्य आम्ल, मग कॉस्टिक सोडा, पुन्हा आम्ल, शेवटी शुद्ध पाण्याने धुऊन वाळवायचे. दलदलीत साचलेल्या काळ्या कुजक्या मातीचे वय काढतानाही असेच करतात.

एवढे सोपस्कार कशासाठी? आम्ही कारकून माणसे. एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात पडली की शिल्लक चुकते, हे आम्हाला पक्के ठाऊक. इथेही तसेच. समजा, दोन हजार वर्षांच्या नमुन्यात दहावा हिस्सा आजचा कार्बन मिसळला, तर तो दोनशेहून अधिक वर्षांनी अलीकडचा ठरेल. अगरबत्तीच्या काजळीत आजचाच कार्बन असतो. मेणबत्तीचे मेण खनिज तेलाचे, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. ते तेवढेच मिसळले, तर वय आठशेहून अधिक वर्षांनी फुगेल. प्रयोगशाळेत धुतात हे खरे, पण लाकडाच्या रेषांत भिनलेले सगळे निघेलच असे नाही.

कार्ल्याच्या एका लेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. राजे-सावकारांच्या लेण्यात एका कष्टकऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकून आहे. हा आपला वारसा आहे. त्याच्या पुराव्यावर आपणच काजळी धरायची काय?

म्हणून माता-भगिनींना विनंती. मेणबत्ती, अगरबत्ती घरी आणि विहारात लावा. लेणीत त्रिशरण-पंचशील म्हणा, मुलांना वरच्या कमानी दाखवा, सामी सुताराचे नाव सांगा. भिंतीला तेल, रंग, खडू लागू देऊ नका. उद्या कुणी आपल्या इतिहासावर शंका घेतली, तर ते लाकूडच साक्ष देईल. ती साक्ष स्वच्छ राखणे आपल्या हाती आहे.

जय भीम!