साडेसोळाने गुणलेला पगार

२०१४ साली दुबईची ऑफर आली तेव्हा मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होतो. हातात पासष्ट हजार यायचे. तिकडे बारा हजार दिरहम मिळणार होते. दिरहमचा भाव तेव्हा साडेसोळा रुपयांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन लाख, आणि त्यावर आयकर नाही. डोंबिवलीच्या घरी बसून मी हा गुणाकार केला आणि त्याच आकड्यावर होकार कळवला.

खर्च मांडला नव्हता असं नाही. भाडं, किराणा, विमानाचं तिकीट सगळं लिहिलं होतं. पण डोंबिवलीत ज्याचे पैसे पडतच नव्हते, ते कागदावर आलंच नाही. घर वडिलांचं होतं, मुलाला आई सांभाळायची. ठाण्याला जायला लोकलचा पास पुरायचा. तिकडे भाडं कमी म्हणून शारजात राहिलो, तर दुबईला जायला गाडी घ्यावी लागली. वर्षाच्या भाड्याचे चार चेक पुढच्या तारखा घालून आधीच द्यायचे. चेक परत गेला तर त्या काळी तिथे फौजदारी व्हायची. तारीख जवळ आली की घरात भाजीसुद्धा विचार करून आणली जायची. सकाळी शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या असायच्या आणि तिथे बसून मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब करायचो.

साडेसोळाचा भाव खरा होता, पण तो फक्त महिन्याअखेर उरलेल्या आणि घरी पाठवलेल्या पैशाला. तिथे खर्च झालेला दिरहम तिथल्याच भावाने जातो. जागतिक बँकेच्या २०१७ च्या तुलनेनुसार अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, ते भारतात साधारण एकवीस रुपयांत मिळत होतं. बाजारात डॉलर मात्र पासष्टला होता. एवढी तफावत आपल्याकडे केस कापणं, शिकवणी, धुणीभांडी असल्या कामांना मिळणाऱ्या कमी मजुरीतून येते. त्या स्वस्ताईवर आमचं घर चालत होतं. ती सोडून जाताना तिची किंमत मी शून्य धरली.

सर्वांत मोठी रक्कम मात्र मी दुसऱ्याच्या खात्यातली खर्च केली. बायको कल्याणच्या एका अनुदानित शाळेत कायम शिक्षिका होती. 'तुझा पगार आपण एका महिन्यात भरून काढू,' असं मी तिला म्हणालो. तिची सेवाज्येष्ठता, पुढचे वेतन आयोग यांतलं काहीही मी धरलं नव्हतं. तिने विचारलं होतं, 'परत आलो तर?' मी उत्तर दिलं नाही. तिने राजीनामा दिला.

परत आल्यावर तिला विनाअनुदानित शाळेत वर्षावर्षाच्या करारावर नोकरी मिळाली. कल्याणच्या शाळेत तिच्याबरोबर लागलेल्या बाईंना सातवा वेतन आयोग लागू झाला, तेव्हा त्या पेढे घेऊन घरी आल्या होत्या. बायकोने त्यांना आग्रहाने जेवायला थांबवून घेतलं.