भाव आणि कस

दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मरोदा हे एक लहानसे स्थानक आहे. खाणीतले लोहखनिज याच मार्गाने भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे येते आणि कारखान्याला लागणारे पाणी मरोद्याच्या तलावात साठवले जाते. कारखाना उभा राहिला तसा मरोद्याच्या नावाचा एक सेक्टर झाला आणि देशाच्या सगळ्या प्रांतांतली माणसे तिथल्या क्वार्टरांत राहू लागली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. ज्या कारखान्याच्या भरवशावर ती आली, त्याच्याविषयी आरंभी फारशी खात्री कोणी देत नव्हते.

त्या दशकात दहा लाख टनांचे तीन सरकारी पोलाद कारखाने उभारले जात होते: राउरकेला जर्मनांच्या, दुर्गापूर ब्रिटिशांच्या आणि भिलाई रशियनांच्या साहाय्याने. जर्मन यंत्रांचा दबदबा मोठा. राउरकेल्याला तर ऑस्ट्रियात नुकतीच सिद्ध झालेली एल. डी. पद्धत यायची होती. भिलाईच्या वाट्याला जुन्या धाटणीच्या ओपन हार्थ भट्ट्या आणि अडीच टक्के व्याजाचे सोव्हिएत कर्ज. रशियन माल म्हणजे ओबडधोबड माल, हा त्या काळचा सार्वत्रिक समज. राउरकेल्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ३ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले आणि भिलाईच्या भट्टीचे दुसऱ्याच दिवशी. दोन्ही ठिकाणी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद हजर होते. त्यानंतरच्या वर्षांत तिघांत सर्वांत महाग ठरलेले राउरकेला अडचणींशी झुंजत राहिले आणि ओबडधोबड भिलाईने ठरलेली क्षमता सर्वांच्या आधी गाठली.

मरोदा सेक्टरमधले एक निवृत्त गृहस्थ ही हकीकत रंगवून सांगत; मात्र तिचा उत्तरार्ध ते गाळीत. राउरकेल्याला पत्रे काढायचे होते आणि ते काम रूळ व गर्डर काढण्यापेक्षा अवघड होते, हे ते सांगत नसत. पुढे जगभर एल. डी. पद्धतच रूढ झाली आणि १९८० च्या दशकात भिलाईनेही ती स्वीकारली, हेही नाही. त्यांची उमेदीची सगळी वर्षे रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये गेली होती, त्यामुळे हा पक्षपात क्षम्य म्हणायला हवा. त्यांचे एक आवडते वाक्य असे: रुळावर कारखान्याचे नाव उठवलेले असते, पण गाडीच्या चाकाला ते वाचता येत नाही.

हे वाक्य त्यांना पुन्हा आठवले ते २०१७ च्या डिसेंबरात. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यामुळे क्रिकेटमध्ये त्यांची निष्ठा जन्मतः विदर्भाला वाहिलेली आणि म्हणून बहुतेक काळ दुःखाची. १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळणारा हा संघ साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता. मोठे संघ नागपूरला यायचे ते गुण गोळा करायला. त्या मोसमात मात्र चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, कर्णधार फैज फजल होता, आणि चाळिशीकडे झुकलेला वसीम जाफर व्यावसायिक खेळाडूचे मानधन न घेता खेळत होता. उपांत्य सामना कोलकात्याला, आठ वेळा विजेत्या ठरलेल्या कर्नाटकाशी. विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत गारद आणि कर्नाटक ३०१. इथे बहुतेकांनी रेडिओ बंद केला असता. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या, कर्नाटकाला १९८ धावांचे आव्हान मिळाले आणि तो संघ १९२ वर संपला. रजनीश गुरबाणी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या तरुण गोलंदाजाने त्या डावात सात बळी घेतले. पाच धावांचे अंतर.

अंतिम सामना इंदूरला होळकर मैदानावर, सात वेळा विजेत्या दिल्लीशी. ज्या सी. के. नायडूंनी होळकर संघाला मोठे केले ते जन्माने नागपूरचे, हा योगायोग नागपूरकरांनी त्या दिवसांत एकमेकांना पुष्कळदा सांगितला असणार. गुरबाणीने पहिल्या डावात ५९ धावांत सहा बळी टिपले. त्यात त्रिक्रम होता. रणजीच्या अंतिम सामन्यात असा त्रिक्रम त्याआधी एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केला होता. दिल्लीच्या २९५ ला विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, त्याचे प्रथम श्रेणीतले पहिलेच शतक. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. मरोद्यात त्या संध्याकाळी त्या गृहस्थांनी शेजारच्या तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी बिऱ्हाडांत पेढे वाटले. बंगाली शेजाऱ्यांना हे पेढे नव्या वर्षाचे वाटले.

वर्तमानपत्रांनी या विजयाला चमत्कार म्हटले की ते चिडत. त्यांचे म्हणणे असे की चार-पाच दिवस चालणाऱ्या खेळात चमत्काराला जागा थोडी असते. संघ चांगला होता, आणि तो चांगला आहे हे कळायच्या आत त्याच्या नावाची किंमत ठरून गेली होती. चूक किंमत ठरवणाऱ्यांची. तिला दैवी लीला म्हणणे म्हणजे त्यांची अब्रू राखणे.

या मताला जगात अन्यत्रही पुरावा सापडतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज मद्यविक्रेत्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन ठेवल्या. बाटल्यांची नावे झाकलेली होती. कॅलिफोर्नियाकडून कोणालाच अपेक्षा नव्हती. बातमीदार म्हणून तिथे फक्त ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर होते. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाच्या वाइनचा घोट घेतला आणि आता कुठे फ्रान्समध्ये परत आलो, असे समाधान व्यक्त केले. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलेना आणि तांबड्या वाइनमध्ये स्टॅग्ज लीप पहिली आली होती. दोन्ही १९७३ च्या आणि दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या. माणसाला आपल्याच जिभेची साक्ष नाकारावीशी वाटते, यापरते नावाच्या सामर्थ्याचे प्रमाण कोणते?

पुढे २००८ साली सहा हजारांहून अधिक झाकल्या चाचण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांनी वाइनचे शिक्षण घेतलेले नाही अशा सामान्य माणसांना महाग वाइन किंचित कमीच आवडली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची सांगून पाजली. नव्वदची सांगितलेली लोकांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर मेंदूतल्या सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे महागाची गोडी ही निव्वळ बढाई नसते. किंमत खरोखरच जिभेवर उतरते, आणि तिला उतरू द्यायचे नसेल तर बाटली झाकण्यावाचून उपाय नाही.

मरोद्यातल्या स्वयंपाकघराला यासाठी पॅरिस गाठावे लागत नाही. पाहुणा आला की बासमती काढायचा, ही तिथल्या मराठी घरांची रीत. आणि घरच्यांसाठी छत्तीसगढचा आखूड दाण्याचा सुवासिक दुबराज. त्या गृहस्थांच्या पत्नीने एकदा बासमती संपल्यामुळे निरुपायाने दुबराजच शिजवला आणि मुंबईच्या पाहुण्यांनी हा कुठला तांदूळ म्हणून दोनदा वाढून घेतला. तरी पुढच्या पाहुण्यांना त्यांनी पुन्हा बासमतीच वाढला. नगरीच्या दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्याच्याही पिशवीवर मिरवण्याजोगे नाव आले आहे.

इथवर हे सारे सुखाचे होते. पण विदर्भाच्या विजयातून त्याच घरातल्या दुसऱ्या एकाने वेगळाच अर्थ काढला.

गृहस्थांच्या बहिणीचा मुलगा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. कायम कामगार जे काम करी तेच, त्याच्याच खांद्याला खांदा लावून, तो करी. पगार मात्र त्याच्या निम्माही नव्हता. दुबळ्या गणल्या गेलेल्या संघावर पैसे लावायचे आणि बलाढ्यांना पडताना पाहायचे, याचा त्याला नाद लागला. त्याच्या दृष्टीने तो जुगार नव्हता. आपल्यासारख्यांच्या बाजूने उभे राहणे होते. भिलाईत तेव्हा अशा नादाला हवा मिळत होती. ‘महादेव’ नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपचे प्रवर्तक भिलाईचे असल्याचे सक्तवसुली संचालनालयाने सांगितले आणि शहराचे नाव पोलादाऐवजी सट्ट्यासाठी देशभर छापून आले. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्यासह २२ ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही झाला. भाच्याचे पैसे कुठल्या ॲपवर गेले याला महत्त्व नाही. आठ महिन्यांची बचत गेली आणि मोटरसायकल विकावी लागली.

“मामा, तुम्हीच तं म्हणत होते, नावाले भुलू नये म्हणून,” तो म्हणाला. “मी कुठी भुललो?”

मामांनी लगेच उत्तर दिले नाही. कागद घेऊन त्यांनी हिशेब मांडला. सटोडिया एकास पाच भाव देतो तेव्हा तो म्हणत असतो की हा संघ सहा वेळा खेळला तर एकदा जिंकेल. संघाची खरी ताकद पाचात एकदा जिंकण्याची असेल, तर लावणाऱ्याला दीर्घकाळात फायदा. आठात एकदा जिंकण्याची असेल, तर अधूनमधून जिंकूनही तो बुडणारच. दुबळा जिंकला की भाव चुकीचा होता असे सिद्ध होत नाही. आणि हरला म्हणून बरोबर होता असेही नाही. “तू नाव उलटं वाचलंस रे बाबू,” ते म्हणाले. “वाचलंस मात्र नावच.”

त्या कागदात काही मोठे शास्त्र नव्हते, पण शास्त्रज्ञांनाही याहून फार वेगळे सापडलेले नाही. १९४९ साली ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवले की घोड्यांच्या शर्यतीत लोक दुबळ्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसा लावतात. दुबळ्यांचा कैवारी तिथे सर्वांत आधी कफल्लक होतो. १९९४ मध्ये लिंडा आणि बिल वुडलँड यांनी बेसबॉलचे भाव तपासले, तर तिथे नेमके उलटे निघाले. लोक बलाढ्य संघांच्या मागे धावतात आणि दुबळ्यांचे मोल किंचित कमी धरतात. हे किंचित अंतर सटोडियाच्या दलालीत बहुतेक विरून जाते, ही गोष्ट वेगळी. बेसबॉलमध्ये एक संघ मोसमात १६२ सामने खेळतो आणि उत्तमातला उत्तम संघही त्यातले साठेक हरतो. २००२ साली ओकलंडच्या संघाने सुमारे चार कोटी डॉलरच्या पगारपत्रकावर १०३ सामने जिंकले. न्यूयॉर्क यांकीज सुमारे साडेबारा कोटी खर्चून तितकेच जिंकले. पण त्यानंतरच्या पाच सामन्यांच्या बाद फेरीत ओकलंड हरले. स्वस्त माणसांचे गुण त्यांनी हुशारीने हेरले होते. ते दिसायला मात्र लांबलचक मोसम लागत होता.

भाच्याला हिशेब पटला. त्याला पटली नाही ती एक गोष्ट, आणि त्यावर मामांकडेही उत्तर नव्हते. संघाला निदान मैदान मिळते. एकाच कामाचे दोन भाव असलेल्या माणसाचा कस कुठे लागायचा? लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, दल्ली-राजहऱ्याच्या खाणीत, कंत्राटी कामगार शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली १९७७ साली संघटित झाले ते याच प्रश्नाने. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. मामा तेव्हा कायम कामगार होते. त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नाहीत.

भाचा आता सामने नुसते पाहतो. मार्च २०२२ पर्यंत लागलेली सवय सुटायला वेळ लागला, असे त्याची आई सांगते. त्यानंतरही दोनदा घसरला आणि सावरला. पाहण्यासारखे पुष्कळ होते. त्याच वर्षी जूनमध्ये चंद्रकांत पंडितांच्याच हाताखाली मध्य प्रदेशाने ४१ वेळा विजेत्या मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला. भिलाई २००० सालापर्यंत मध्य प्रदेशातच होती, म्हणून मरोद्यात तेव्हाही थोडे पेढे वाटले गेले.

विदर्भाने मधल्या काळात आपले नाव महाग करून घेतले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून त्यांनी करंडक राखला; त्या सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले होते. २६ फेब्रुवारी २०२५ ला त्याच मैदानावर विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. या खेपेला बलाढ्य म्हणून. समोर केरळ, आयुष्यात प्रथमच अंतिम फेरीत आलेला. उपांत्य सामन्यात गुजरातवर पहिल्या डावात अवघ्या दोन धावांची आघाडी घेऊन ते इथवर पोचले होते. केरळकडून गोलंदाजी करीत होता सरवटे. त्या मोसमात तो व्यावसायिक खेळाडू म्हणून तिकडे गेला होता. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या जोरावर विदर्भाने ३७९ धावा केल्या. केरळचा डाव सावरायला पुन्हा सरवटेच उभा राहिला आणि ७९ धावा करून बाद झाला. ३७ धावांची आघाडी, अनिर्णित सामना आणि विदर्भाकडे तिसऱ्यांदा करंडक.

मामा विदर्भाकडून होते. भाच्याने कोणाची बाजू घेतली ते त्याने सांगितले नाही; सरवटे बाद झाला तेव्हा तो उठून बाहेर गेला आणि तलावाच्या बाजूने खनिजाची गाडी जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.