समुद्राकडे पाठ केलेलें घर

घाटावरच्या सुशिक्षित मंडळींत अलीकडे एक नवी हौस उत्पन्न झाली आहे. सातारा, सांगली, कराड, वाई अशा गांवीं ज्यांचें आयुष्य गेलें आणि ज्यांचीं मुलें पुण्यामुंबईस किंवा परदेशांत स्थिरावलीं, अशा कुटुंबांत 'कोंकणांत समुद्र दिसेल असें एक घर असावें' हें बोलणें वारंवार निघतें. तशा घरांच्या जाहिरातीहि रोज दृष्टीस पडतात. खोल्या किती, विहीर आहे कीं नाहीं, वाट कोणाच्या मालकीची, ह्या गोष्टी त्यांत शेवटीं येतात. 'समुद्रदर्शन' हा शब्द मात्र आरंभींच मोठ्या अक्षरांत असतो. ह्या शब्दाचा अर्थ काय, आणि त्याचें मोल कोणीं द्यावें, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या माघांत आमच्यावर आला. गुहागर येथील आमच्या मूळ घराण्याचें घर विकावयास निघालें. सातबाऱ्यावरील सत्तावीस नांवांपैकीं एक आमचें असल्यामुळें तें पाहून मत देण्यासाठीं आम्हांस जावें लागलें.

साताऱ्याहून आम्ही उभयतां निघालों; सांगलीहून आमच्या आत्याबाई आपल्या चिरंजिवांसह निघाल्या; पाटणास आमची गांठ पडली. आत्याबाईंचें वय ब्यायशी. एवढा प्रवास कशाला, असें सर्वांनीं त्यांना म्हटलें होतें; परंतु 'सही माझी, तर वस्तु मी डोळ्यांनीं पाहणार,' हा त्यांचा निश्चय ढळला नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलींस पित्याच्या मिळकतींत वांटा मिळाला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींतहि त्या मुलांप्रमाणेंच जन्मतः हक्कदार ठरल्या. माहेरच्या घराच्या विक्रीला लेकीनें स्वतः जाऊन उभें राहावें, हें आमच्या घराण्यांत पहिल्यानेंच घडत होतें.

गुहागराहून निघालेला हमरस्ता चिपळूण, पाटण, कराड, विटें, जत ह्या गांवांवरून थेट विजापुरास जातो. म्हणजे समुद्र, सातारा जिल्हा आणि सांगली जिल्हा हीं तिन्ही एकाच दोऱ्यांत ओंविलेलीं आहेत. पाटण सोडल्यावर कोयनानगर लागतें. तेथील धरण १०३ मीटर उंच असून, जलाशयाचें पाणी डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीच्या बाजूस नेऊन त्यावर वीज उत्पन्न करितात. तें पाणी पुढें वाशिष्ठी नदींतून समुद्रास मिळतें. धरणाखालीं सोडलेलें पाणी मात्र कोयनेंतून कराडास कृष्णेला मिळतें व सांगलीकडे जातें. ही व्यवस्था आम्ही समजावून सांगितली तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "अरे, आमच्या वांट्याला येतें तें नको तेव्हांच येतें." हें बोलणें विनोदाचें नव्हतें. त्यांचें राहतें घर सांगलीच्या जुन्या गांवभागांत आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तिन्ही सालीं त्यांत कृष्णेचें पाणी शिरलें. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें होतें; ४५ फुटांची पातळी तेथें धोक्याची मानितात. पुराच्या टापूबाहेर विश्रामबागेच्या बाजूस दोन खोल्या घ्याव्या, एवढीच आतां त्यांची इच्छा. आणि गुहागरचा हिस्सा विकून येणारा पैसा हाच त्या खोल्यांचा आधार.

कुंभार्ली घाट उतरतांना मनांत उलट्या दिशेचा इतिहास येतो. आज आम्ही समुद्र पाहण्यासाठीं घाट उतरतों. आमचे पूर्वज समुद्र सोडून सह्याद्रि चढले. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळें देशावर आले, आणि १७१३ मध्यें शाहू महाराजांनीं त्यांस पेशवेपद दिलें. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रास १७२७ मध्यें सिद्दीचा उपद्रव झाला. त्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी साताऱ्याजवळ धावडशीस येऊन राहिले. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीकडील कोतवड्याचे. वाईचे रास्तेहि मूळचे कोंकणांतील गोखले. हीं झालीं नामांकित घराणीं. त्यांच्या मागोमाग जीं शेंकडों साधीं कुटुंबें वर आलीं, त्यांस घाट चढावयास लावणारें कारण बहुधा एकच होतें. भाताचे चार वाफे आणि माडांच्या दोन रांगा पिढ्यापिढ्यांच्या वांटणींत पुरत नव्हत्या. समुद्राचा देखावा तेव्हांहि फुकट होता, आणि त्यानें कोणाचें पोट भरलें नाहीं.

चिपळुणाहून शृंगारतळीवरून सुमारें ४५ किलोमीटर गेल्यावर सड्यावरून रस्ता खालीं वळतो आणि गुहागर लागतें. गांव लांबट आहे. एक रस्ता उत्तर-दक्षिण गेलेला, त्याच्या दोन्ही बाजूंस घरें, मध्यभागीं व्याडेश्वराचें मंदिर, आणि पश्चिमेच्या घरांमागें माडपोफळींच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत. आमचें घर पश्चिमेच्या रांगेंतलें आहे. अंगण, ओटी, माजघर, मागची पडवी, मग विहीर आणि वाडी. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळोरी कौलें. समुद्र हांकेच्या अंतरावर असून घराच्या एकाहि खिडकींतून तो दिसत नाहीं! दरवाजा पूर्वेस रस्त्याकडे. समुद्राकडे घराची पाठ.

ही गोष्ट आमच्यासोबतच्या तरुण मंडळींस चमत्कारिक वाटली. परंतु थोडा विचार केला असतां तींत मोठें शहाणपण दिसून येतें. पावसाळ्यांत वारा व पाऊस नैर्ऋत्येकडून येतात. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजतें, गिलावा सुटतो, कपाटांतलीं पुस्तकें दमट होतात. म्हणून घर मागें सरकवून बांधीत, आणि घर व समुद्र ह्यांच्यामध्यें माड, पोफळी, उंडी, केवडा ह्यांची दाट फळी उभी करीत. मृगापूर्वीं पश्चिमेच्या पडवीस नारळीच्या झांपांचा आडोसा बांधीत. वाडी ही उपजीविका होतीच. पण ती घराची ढालहि होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत श्रीवर्धन, दापोली, मंडणगड ह्या भागांतील बागाच्या बागा आडव्या झाल्या. नवा माड फळावर येण्यास सहाआठ वर्षें जावीं लागतात. अशी ढाल पैसे दिले म्हणून दुसऱ्या दिवशीं उभी राहत नाहीं.

शब्दाचाहि विचार करूं. 'दर्शन' आणि 'दृश्य' हे एकाच धातूपासून निघालेले शब्द, पण त्यांत भेद आहे. दृश्य आपल्यापुढें येतें. दर्शनास आपण जावें लागतें. देवाच्या दर्शनास देवळांत जातात, देऊळ उचलून शेजघरांत आणीत नाहींत. आमचे वाडवडील पर्वणीस समुद्रस्नानाला जात, नारळीपौर्णिमेस त्याची पूजा करीत, सायंकाळीं वाडींतल्या वाटेनें पुळणीवर फिरावयास जात, आणि दिवेलागणीस घरीं परतत. समुद्राचें त्यांस दर्शन होतें. अंथरुणांत पडल्यापडल्या जो दिसावा असें जाहिरात म्हणते, तें दृश्य होय. दृश्याला मोल देण्याची रीत आमच्या सातारा जिल्ह्यांत आधींच आली होती. १८२९ मध्यें प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा खंडाळें गांवाच्या बदल्यांत इंग्रजांनीं घेतली, आणि कड्याकड्यावर देखाव्याकडे तोंड केलेले बंगले उठले. आज कोयनेच्या जलाशयाकांठीं तापोळें-बामणोलीसहि पाणी दिसणाऱ्या जागांस मोल आलें आहे. पण त्याच पाण्यासाठीं ज्यांचीं गांवें उठलीं, त्यांस ह्या देखाव्याचें मोल कोणीं दिलें नव्हतें.

तुलनेसाठीं आम्हीं दुसरें एक घर पाहिलें. गांवाच्या वर सड्यावर तें नव्या धर्तीनें बांधलेलें आहे, आणि तेंहि विकणें आहे. जमिनीपासून छतापर्यंत कांचा, दर्शनीं मोठी गच्ची. तेथें उभें राहिलें असतां खालीं माडांचे शेंडे, त्यापलीकडे पुळणीची लांबच लांब वक्र रेघ, आणि मग डोळा पोंचेल तेथपर्यंत पाणीच पाणी! सूर्य बुडण्याच्या वेळीं आमच्यापैकीं कोणीहि बोलेना. देखावा खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला मोल द्यावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु राखणदारास विचारतां असें कळलें कीं गच्चीचे लोखंडी कठडे तीन वर्षांत दोनदां बदलले, वैशाखांत पाणी टँकरनें आणावें लागतें, आणि मालक वर्षांतून आठ दिवस येतात. खालच्या घरीं विहिरीस बारमास पाणी आहे, पण समुद्र दिसत नाहीं. येथें समुद्र दिसतो, पण पिण्यास पाणी नाहीं.

अशी खरेदी योजणाऱ्या वाचकांस चार गोष्टी सांगून ठेवितों. विहीर पहावयाची ती वैशाखांत; घर पहावयाचें तें आषाढांत, पश्चिमेच्या भिंतीस हात लावून. उताऱ्यावरील प्रत्येक नांवाची संमति आणि येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क लेखी पाहिल्याशिवाय विसार देऊं नये. वाडी ही शेतजमीन असेल, तर जो शेतकरी नाहीं त्यास ती सरकारी परवानगीवांचून घेतां येत नाहीं. शिवाय किनाऱ्याचा निर्बंध आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनें भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमाखालीं आला, व ग्रामीण भागांत त्यांतले पहिले २०० मीटर नव्या बांधकामास बंद झाले. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनें दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागापुरतें हें अंतर ५० मीटरांवर आणण्याची तरतूद केली. आपल्या जागेस कोणता वर्ग लागू आहे, हें नकाशा पाहून ठरवावें. दलालाच्या तोंडावर विसंबूं नये.

आतां आमच्या घराविषयीं. गिऱ्हाइकें दोन होतीं. एक मुंबईचे गृहस्थ. त्यांची बोली मोठी, पण वाडींतले मधले माड व उंडी तोडून समुद्र 'मोकळा' करावयाचा, हा त्यांचा बेत त्यांनीं लपविला नाहीं. दुसरें गिऱ्हाईक गांवांतलेंच, शेजारची वाडी शिंपणारें कुटुंब. त्यांस घर राहावयास हवें होतें. बोली मात्र चतुर्थांशानें कमी. ओटीवर बसून मंडळींचा खल झाला. आमच्यासह बहुतेकांचें मत पडलें कीं झाडें तोडणाऱ्यास घर देऊं नये. पूर्वजांची पुण्याई, वाडीची राखण, असे पुष्कळ शब्द बोलले गेले.

आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें, आणि शांतपणें म्हणाल्या, "तुमचें घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. तिथें पाणी चढणार नाहीं. पुण्याई राखायची तर सगळ्यांनीं मिळून राखा. एकट्या माझ्या उंबऱ्याच्या किमतीवर कां?"

ह्यावर उत्तर नव्हतें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आमच्या मंडळींनींच हिशोब मांडला, तो असा: घर गांवातल्या कुटुंबास द्यावें, परंतु मोठ्या बोलीप्रमाणें आत्याबाईंचा जो हिस्सा झाला असता, तो त्यांस पुरा मिळावा, आणि येणारी तूट बाकीच्या हिस्सेदारांनीं आपापल्या वांट्यांतून सोसावी. जुनें राखावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं राखण्याचें मोल स्वतःच्या पदरचें द्यावें. ज्याच्या घरांत पाणी शिरतें, त्याला त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार कोरड्या घरांत बसलेल्यास नाहीं.

हा ठराव सत्ताविसांपैकीं सर्वांस पाठविला. हें लिहीपर्यंत एकोणीस संमतिपत्रें आलीं आहेत. चौघांनीं साफ नकार दिला असून चौघांचीं उत्तरें यावयाचीं आहेत. नकार देणाऱ्यांची तूट आणखी कोणीं उचलावी, हा प्रश्न आहे. कांहीं भार आम्हीं आपल्याकडे घेतला आहे, पण निवृत्तिवेतनाला मर्यादा आहे. अक्षय्यतृतीयेपर्यंत मेळ बसला तर वाडी उभी राहील. न बसला, तर मोठ्या बोलीवर आमचीहि सही होईल, कारण मृगानंतर कृष्णा कोणासाठीं थांबत नाहीं. ज्यांच्या घराण्याचें कोंकणांत असें एखादें सामाईक घर असेल, त्यांनीं तें जाहिरातींत देण्यापूर्वीं एकदां सर्व हिस्सेदारांस त्याच्या ओटीवर बसवावें, एवढीच आमची विनंती आहे.